केनियातलं एक घर, गवताचं छप्पर आणि फोनवर आलेले पैसे

पाणंद (धागाकर्ती)

२०१५ ते २०१७ अशी दोन वर्षं मी पश्चिम केनियात सियाया काउंटीत होते. काम लहान मुलांच्या आरोग्याच्या पाहणीचं. व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूचा हा लुओ लोकांचा मुलूख. मी ज्या गावांत वही घेऊन घरोघर फिरायचे, त्यांतल्या काही गावांत त्याच काळात एका संस्थेने गरीब कुटुंबांना थेट पैसे दिले. बियाणं नाही, शेळ्या नाहीत, शिबिर नाही, कसली अट नाही. घरटी साधारण हजार अमेरिकी डॉलर होतील इतके शिलिंग, तीन हप्त्यांत, फोनवर. त्या संस्थेशी माझा काडीचाही संबंध नव्हता, तेव्हा वकिली करायला आलेले नाही. एक घर मात्र मी आधीही पाहिलं होतं आणि नंतरही पाहत राहिले. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

तिकडे बाईला मोठ्या मुलाच्या नावाने हाक मारतात, मामा अमुक, मामा तमुक. नाव इथे लिहीत नाही, नुसतं मामा म्हणते. (मामा म्हणजे आई. आपल्या मामाशी घोटाळा करू नका.)

घरात मामा, नवरा, पाच मुलं आणि सासू. मातीच्या भिंती, वर गवत. एकरभर मका. नवरा दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला, अधूनमधून सरोवरावर होडीवर.

गवताचं छप्पर फोटोत छान दिसतं. प्रत्यक्षात वर्षा-दोन वर्षांनी त्यावर नवं गवत चढवावं लागतं, आणि पडीक रानं नांगराखाली गेल्यामुळे त्या गावात ते गवतसुद्धा विकत घ्यायची पाळी आलेली. शिवाय उंदीर, वाळवी. पावसात कुठला कोपरा गळत नाही हे मुलांना पाठ होतं. ढग आले की सगळ्यात धाकटा न सांगता चटई गुंडाळून त्या कोपऱ्यात जाऊन बसायचा.

दुसरं दुखणं मक्याचं. जुलै-ऑगस्टमध्ये मका निघाला की महिन्याभरात विकून टाकायचा, कारण शाळेची थकबाकी, दुकानाची उधारी आणि एखादं आजारपण दारात उभंच. त्या वेळी सगळेच विकायला काढतात, म्हणून भाव पडलेला. एप्रिल-मेमध्ये घरातला मका संपला की तोच मका बाजारातून गोरोगोरोने आणायचा. गोरोगोरो म्हणजे साधारण दोन किलोचा पत्र्याचा डबा, तिथलं माप. तोवर भाव चढलेला. मामाला हे कळत नव्हतं असं अजिबात नाही. मलाच तिने अंगणात काडीने रेघा मारून समजावलं होतं: इतकी पोती विकली, इतक्याला. इतके डबे घेतले, इतक्याला. मग काडी टाकून दिली आणि हसली.

पहिला हप्ता अगदी छोटा होता. मेसेज आला तेव्हा सासूने जाहीर केलं की हे सैतानाचे पैसे, घरातलं एक माणूस घेऊन जातील. मामाने मोठ्या मुलीकडून मेसेज तीनदा वाचून घेतला, चालत एम-पेसाच्या (फोनवरून पैसे पाठवायची-काढायची तिथली सोय) हिरव्या टपरीवर गेली आणि फक्त पाचशे शिलिंग काढले. खरंच निघतात का बघायला. निघाले. दोन दिवस ती नोट तिने मोडली नाही.

मग उधारी फिटली, मोठीची शाळेची बाकी फिटली. पुढचा मोठा हप्ता आला तो ऑगस्टमध्ये, मका घरात आल्या आल्या. मला या सगळ्यातली मेख इथे वाटते. हातात रोकड असल्यामुळे त्या वर्षी त्यांनी मका विकलाच नाही. चार पोती किडीची पावडर लावून माळ्यावर ठेवली आणि पैशांतून माबाती आणले. माबाती म्हणजे पन्हाळी पत्रे. कारागिराला तिकडे फुंदी म्हणतात, सुतारकाम करणारा फुंदी दोन दिवस जेवूनखाऊन घरीच होता.

पत्रे चढले तेव्हा मी नव्हते. नंतर गेले आणि नेमका पाऊस आला, तर त्या आवाजात बोलणंच अशक्य झालं. आम्ही दोघी एकमेकींच्या कानात ओरडत होतो. शेवटी मामाने मला हाताला धरून बाहेर वळचणीला नेलं. एक डबा उभा चिरून, वाकवून त्याची पन्हाळ केलेली, खाली निळं पिंप. पिंप भरत होतं. मधली मुलगी रोज ओढ्यावरून पाण्याच्या दोन खेपा करायची, पावसाच्या दिवसांत त्या सुटल्या. पत्रे घेताना पाण्याचा विचार कुणीच केला नव्हता.

तिसऱ्या हप्त्यावरून मात्र घरात जुंपली. मामाला गाय हवी होती, नवऱ्याला बोडाबोडा, म्हणजे भाड्याने माणसं नेणारी मोटारसायकल. जिंकला नवरा. जुनी घेतली, सात-आठ महिने बरी चालली, मग इंजिन बसलं, आणि शेवटी पडत्या किमतीला विकली. त्यातून आलेल्या पैशांत मामाने दोन शेळ्या घेतल्या. तो विषय काढला की नवरा अजूनही उठून बाहेर जातो.

पुढच्या मे महिन्यात माळ्यावरच्या चार पोत्यांतली दोन विकली, दोन खाल्ली. त्या वर्षी गोरोगोरो घेऊन बाजारात जावं लागलं नाही.

माझं म्हणणं एवढंच की पैसे किती दिले यावर आपण फार बोलतो, ते एकगठ्ठा दिले की थेंबथेंब आणि वर्षातल्या कुठल्या महिन्यात दिले, यावर कुणी बोलत नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

टिकली

किती सुंदर लिहिलंयस. धाकट्याची चटई डोळ्यांसमोरून हलत नाहीये. पैसे मामाच्या फोनवर आले की नवऱ्याच्या? गायीऐवजी बाइक आली म्हणून विचारतेय.

---

उंटावरचा

लेख आवडला, मत पटलं नाही.

एक, एका घरावरून काय सिद्ध होतं? तुम्ही पाहुण्या, वहीपेनवाल्या. तुम्हाला पन्हाळ दाखवतील, रिकाम्या बाटल्या कशाला दाखवतील?

दोन, गावात एकदम एवढा पैसा ओतला तर भाव चढणार. ज्यांना मिळाला नाही त्यांच्या पोटावर पाय.

तीन, आयता पैसा आला की माणूस कामाला जात नाही. हे कुठल्याही देशात खरं.

---

पाणंद

टिकली, मामाच्या फोनवर. फोन तिचा, पिन नवऱ्यालाही ठाऊक. यापुढे काय लिहू.

उंटावरचे, बाटल्यांबद्दल: तो शनिवारी पीत होता, आधीही आणि नंतरही. हप्ता आल्यावर सोमवारीसुद्धा प्यायला लागला असं काही दिसलं नाही. पण तुमचं बरोबर आहे, मी पाहुणीच.

भावांवर मात्र माझ्याकडे एक गंमत आहे. गावात पोशो मिल होती, मका दळायची गिरणी. आधी मी जाईन तेव्हा मालक पोत्यावर आडवा झालेला असायचा. मशीन दिवसाचे दोनेक तास चालायचं, बाकी वेळ गिऱ्हाइकाची वाट. पैसे वाटल्यावर तीच गिरणी दुपारीही चालायला लागली. दळणाचा दर त्याने एका शिलिंगनेही वाढवला नाही. वाढवायचं कारणच नव्हतं, मशीन होतंच, माणूसही होताच.

---

हिशेबनीस

पाणंदताईंच्या गिरणीवाल्याने सांगितलं तेच अर्थतज्ज्ञांना सांगायला बरीच वर्षं लागली, म्हणून हा प्रतिसाद.

योगायोग असा की थेट रोख मदतीवरचा एक फार मोठा अभ्यास याच सियायात झाला. गिव्हडायरेक्टली नावाच्या संस्थेचे पैसे, ६५३ गावं, साडेदहा हजारांवर कुटुंबं, काळ २०१४ ते २०१७. कुठल्या गावांना द्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. घरटी सुमारे हजार डॉलर. एगर, हाउसहोफर, मिगेल, नीहाउस आणि वॉकर यांचा निबंध इकोनोमेट्रिका या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात २०२२ साली आला. पैशांचा ओघ ऐन भरात असताना त्या भागाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या साधारण १५ टक्के रक्कम बाहेरून येत होती. म्हणजे उंटावरच्यांची शंका तपासायला याहून चांगली जागा नाही.

भाववाढ निघाली ०.१ टक्के. जवळजवळ काहीच नाही. आणि दिलेल्या दर डॉलरमागे स्थानिक उलाढाल सुमारे अडीच डॉलरने वाढली. ज्यांना छदामही मिळाला नाही अशा शेजाऱ्यांचा खर्चही वाढला, कारण पैसे मिळालेल्यांनी पत्रे, सुतारकाम, दळण, कपडे हे सगळं आसपासच विकत घेतलं. तिथे गिरण्या, दुकानं, कारागीर अर्धे रिकामे बसलेले असतात. मागणी वाढली की ते जास्त काम करतात, भाव वाढवायची वेळ येत नाही.

दारूवर: वर्ल्ड बँकेच्या इव्हान्स आणि पोपोवा यांनी वेगवेगळ्या देशांतले १९ अभ्यास एकत्र करून पाहिले. रोख मदतीने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं निघत नाही, उलट किंचित घटल्याचं निघतं.

आता ताईंचा मूळ प्रश्न. सियायातल्याच रारिएदा भागात हाउसहोफर आणि शापिरो यांनी त्याआधी, २०११ ते २०१३ मध्ये, काही घरांना महिन्याला थोडे थोडे आणि काहींना एकरकमी पैसे दिले. महिन्याला मिळालेल्यांचं खाणंपिणं जास्त सुधारलं. एकरकमी मिळालेल्यांच्या घरी पत्रे आणि टिकाऊ वस्तू जास्त आल्या. बायकोला आणि नवऱ्याला वेगवेगळे देऊनही पाहिले होते. टिकली, तुमची निराशा होईल: खर्च कशावर झाला यात फारसा फरक पडला नाही. बायकोच्या हाती पैसे असूनही बाइक येऊ शकते असं दिसतंय. :)

---

अर्धविराम

हे सगळं वाचून लाडक्या बहिणीवर कोणीच कसं आलं नाही अजून?

---

पाणंद

आलात ना तुम्ही. कृपा करून त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे शंभर प्रतिसाद त्यावरच होतील आणि मामा राहील बाजूला.

---

अर्धविराम

बरं बाई. पण एक विषयाला धरून सांगतो. मध्य प्रदेशात २०११-१२ मध्ये 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेने युनिसेफच्या पैशांवर आठ गावांत प्रत्येकाला दरमहा पैसे देऊन पाहिले होते. सुरुवातीला मोठ्यांना २०० रुपये, मुलांना १००, नंतर ३०० आणि १५०. रक्कम चिमूटभर, पण गावातल्या एकूणएक माणसाला. तिथे दिसलेली एक गोष्ट मला फार पटली: गड्यांचं दुसऱ्याच्या रानातलं काम कमी झालं आणि स्वतःच्या रानातलं वाढलं. 'आयता पैसा आला की कामाला जात नाहीत' असं गावातले मोठे शेतकरी म्हणत असतील तर त्यात तथ्य आहे. त्यांच्या कामाला जात नाहीत.

---

उंटावरचा

हे शेवटचं वाक्य जोरदार आहे. मान्य.

---

गावठाण

३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच शेतीकर्जाच्या टेबलावर. मला एकच कळत नाही. मक्याची अडचण जर पाच-सहा महिन्यांच्या रोकडीची असेल तर कर्ज द्या की. फुकट कशाला? परत आलं की तेच पैसे पुढच्या घराला देता येतात.

---

पाणंद

काका, मामाने बचत गटातून कर्ज घेतलं होतं पूर्वी. तिकडे त्याला चामा म्हणतात, दर आठवड्याला बायका थोडे थोडे घालतात आणि पाळीपाळीने एकीला सगळे मिळतात. बाहेरच्या एका कर्जवाल्याकडूनही घेतलं होतं. त्याची परतफेड कधी? तर सुगी झाली की लगेच. कारण कर्ज देणाऱ्यालाही माहीत, तेव्हाच यांच्याकडे काहीतरी असतं. मग ते कर्ज फेडायला ऑगस्टमध्ये पडत्या भावात मका विकावा लागायचा.

---

गावठाण

हप्त्याची तारीख चुकीची, एवढाच दोष. कर्जाचा नव्हे. आम्हीसुद्धा वसुलीच्या मोहिमा सुगीतच काढायचो, खोटं कशाला बोलू.

---

हिशेबनीस

काका, तुमच्या बाजूने पुरावा आहे. बर्क, बर्गक्विस्ट आणि मिगेल यांनी पश्चिम केनियातच मका निघाल्या निघाल्या कर्ज देऊन पाहिलं, म्हणजे परतफेडीच्या हंगामात उलट कर्ज. शेतकऱ्यांनी मका धरून ठेवला आणि नंतर चढ्या भावाला विकला, फायदा झाला. गंमत पुढे आहे. जिथे एकाच भागात पुष्कळांना असं कर्ज मिळालं तिथे सगळ्यांनीच मका धरून ठेवल्यामुळे सुगीतला भाव सावरला, आणि ज्यांनी कर्ज घेतलंच नव्हतं त्यांचंही भलं झालं. २०१९ चा निबंध आहे.

पण कर्जातून छप्पर होत नाही. मका धरून ठेवायला कर्ज चालेल. पत्र्यांमुळे दरवर्षीचा गवताचा खर्च वाचतो, पण तो इतका हळूहळू की व्याजाच्या वेगाने हप्ते भरता येत नाहीत.

---

टिकली

शेजाऱ्यांचं काय झालं पण? सगळ्यांना मिळाले का?

---

पाणंद

हा प्रश्न कोणी विचारू नये असं वाटत होतं.

नाही मिळाले. कसोटी छपराची होती. गवताचं असेल तर गरीब, पत्र्याचं असेल तर नाही. तपासायला सोपं, कागदपत्रं लागत नाहीत, लाच द्यायला कोणी साहेब मध्ये नाही. पण मामाच्या दिराने आदल्याच वर्षी बैल विकून पत्रे घातले होते. घर एकाच अंगणात, भिंती तशाच मातीच्या, मुलं तितकीच. त्याला शून्य. तो मला म्हणाला होता, "मी घाई केली." रडला-बिडला नाही, पण त्यानंतर मामाच्या घरी मी त्याला बसलेला पाहिला नाही. दोन्ही घरांतल्या पोरांचं एकत्र खेळणं तेवढं चालू होतं. पिंपातलं पाणी न्यायला त्याची मुलगी यायची, तो स्वतः कधी नाही.

---

हिशेबनीस

याचंही मोजमाप झालंय. हाउसहोफर आणि सहकाऱ्यांना रारिएदात असं दिसलं की शेजाऱ्यांच्या हाती पैसा आला की ज्याला मिळाला नाही त्याचं आयुष्याबद्दलचं समाधान घटतं. कालांतराने ते ओसरतं. दीराचं ओसरलं का, हे ताईच सांगतील.

नंतरच्या काही प्रयोगांत गावात निवडानिवड ठेवलेली नाही. सियाया आणि बोमेट काउंट्यांमध्ये जो मोठा मूलभूत उत्पन्नाचा प्रयोग चालू आहे त्यात निवडलेल्या गावातल्या प्रत्येक प्रौढाला पैसे मिळतात.

---

डॉ_कोरडेपान

मी बालरोगवाली, म्हणून फक्त माझ्या कामाचं. २०२५ मध्ये त्याच सियायातल्या घरांचा पाठपुरावा करून वॉकर, मिगेल वगैरेंनी निष्कर्ष मांडलेत. रोख मदतीने तान्ह्या बाळांचे मृत्यू ४८ टक्क्यांनी आणि पाच वर्षांखालचे ४५ टक्क्यांनी घटले. मी दोनदा वाचलं. लसीच्या मोहिमेला असे आकडे मिळाले तर लोक पेढे वाटतील.

पण पाणंद, तुमच्या 'कधी' या शब्दासाठी हा प्रतिसाद आहे. परिणाम एकवटलाय कुठे? पैसे बाळंतपणाच्या आसपास पोचले तिथे. आणि जवळ डॉक्टर असलेला दवाखाना होता तिथे. यातली यंत्रणा साधी आहे. शेवटच्या महिन्यांत बाईचं कष्टाचं काम कमी झालं, बाळंतपण घरी न होता दवाखान्यात झालं, घरात खायला होतं. मी आयुष्यभर ओपीडीत 'विश्रांती घ्या' म्हणत आले. कशाच्या जोरावर घ्यायची, हे चिठ्ठीवर लिहायची सोय नव्हती.

आणि दवाखानाच नसेल तर पैसे घेऊन जायचं कुठे, हेही त्याच अभ्यासात आहे. 'दवाखाने बंद करा, पैसे वाटा' असं कोणी यातून काढू नये.

---

पाणंद

डॉक्टर, अगदी. आमच्या भागात आरोग्यकेंद्र होतं, त्यात मलेरियाच्या गोळ्या असतीलच याची खात्री नसायची. मामाच्या चौथ्या मुलाला ताप आला तेव्हा पैसे होते म्हणून बोडाबोडावर घालून दूरच्या रुग्णालयात नेता आलं. (हो, नवऱ्याच्याच बाइकवर. ती बाइक तेवढी एकदा कामी आली.) रस्ता तसाच चिखलाचा, शाळेत एका वर्गात तितकीच मुलं, ओढा तसाच. पैशांनी या गोष्टी बदलल्या नाहीत.

---

उंटावरचा

एवढं सगळं मान्य करूनही माझी दोन खुसपटं.

रारिएदातल्याच लोकांकडे तीन वर्षांनी परत जाऊन पाहिलं तेव्हा मालमत्ता जास्त होती, पण दूरच्या, पैसे न मिळालेल्या गावांशी तुलना केली तर बाकीचे बरेच फरक पुसट झाले होते. म्हणजे पत्रे राहिले, पोटाचं परत पहिल्यासारखं. हेही लिहा की.

दुसरं, 'मध्ये कोणी साहेब नाही' म्हणून भ्रष्टाचार नाही हे फार भाबडं आहे. काँगोत २०२२-२३ मध्ये याच गिव्हडायरेक्टलीच्या काही कर्मचाऱ्यांनी संगनमत करून सुमारे नऊ लाख डॉलर लाटले. संस्थेने स्वतःच ते जाहीर केलं, त्याबद्दल कौतुक. पण पैसे गेले ते गेले.

---

हिशेबनीस

दोन्ही खरी आहेत. पहिल्यावर भर घालतो, कारण ते 'एकगठ्ठा की थेंबथेंब' याच्याशी जोडलेलं आहे.

वर म्हटलेल्या मूलभूत उत्पन्नाच्या प्रयोगात तीन प्रकार आहेत. काही गावांना बारा वर्षं दरमहा, साधारण दिवसाला पाऊण डॉलर. काहींना तेवढेच, पण दोनच वर्षं. काहींना त्या दोन वर्षांचे सगळे एकरकमी. बॅनर्जी, सुरी, नीहाउस वगैरे मंडळींचे पहिले निष्कर्ष २०२३ च्या शेवटी आले. धंदा उभा करण्यात आणि कमाई वाढवण्यात एकरकमीवाले दोन वर्षांच्या मासिकवाल्यांच्या पुढे गेले. बारा वर्षांवालेही पुढे होते, आणि त्यांनी ते कसं केलं बघा: चामात पैसे घालून पाळीपाळीने एकरकमी करून घेतले. उद्याही येणार ही खात्री होती म्हणून हे जमलं.

म्हणजे थेंबथेंब दिलं तरी लोक त्याचा गठ्ठा करून घेतात, फक्त थेंब थांबणार नाही असा भरवसा हवा. धंदा-कमाईच्या बाबतीत सगळ्यात कमी उपयोग थोड्या दिवसांच्या मासिक मदतीचा. आणि सरकारांना नेमकी तीच आवडते.

काम सोडून कोणी बसलं नाही. मजुरीतून स्वतःच्या धंद्याकडे वळले, अर्धविरामच्या आठ गावांसारखंच.

---

टिकली

सासूचं काय झालं? सैतानवाल्या?

---

पाणंद

:) सासूला हसू नका. ती एकटी नव्हती. सरोवराच्या आखाताच्या पलीकडे होमा बे काउंटीत सुमारे ४५ टक्के कुटुंबांनी हे पैसे घ्यायलाच नकार दिला होता. कामाशिवाय कोणी एवढे पैसे देतो म्हणजे त्यामागे काहीतरी अघोरी असणार, अशी बोलवा. इतकी वर्षं संस्थांनी येऊन आश्वासनं दिलेली, फोटो काढून नेलेले. एकदम कोणी म्हटलं की घ्या, काही नको, तर मीसुद्धा दार लावलं असतं.

सासू पत्र्याच्या घरात झोपायला तयार नव्हती. दोन महिने जुन्या स्वयंपाकघरात, गवताखाली झोपली. मग एका रात्री जोराचा पाऊस आला.

---

गावठाण

आणि?

---

पाणंद

आणि काय, सकाळी मामा उठली तर सासू आत, नातवाच्या चटईवर. त्यावर घरात कोणी एक शब्द काढला नाही.

हिशेबनीस, दीराचं विचारलं होतंत. मोठ्या मुलीशी अजून बोलणं होतं, ती आता सियायात एका दुकानात कामाला आहे. मागच्या महिन्यात तिला विचारलं. म्हणाली, काका येतात घरी. कधीपासून ते तिला आठवेना. गाय अजून आलेली नाही, शेळ्या सहा आहेत. पत्र्याला मात्र चार-पाच ठिकाणी गंज धरलाय आणि खिळ्यांच्या भोवती थेंब थेंब गळतं. दोन पत्रे बदलायचे म्हणून मामा चामातल्या आपल्या पाळीची वाट बघतेय.

---

सुतारपक्षी

वाचनमात्र होतो, पण हे माझ्या धंद्यातलं आहे म्हणून लिहितो. पत्रे बदलायची घाई करू नका म्हणावं. खिळे बहुतेक पन्हाळीच्या खोलगट भागात मारलेत, तिथून पाणी वाहतं म्हणून गळतं. खिळा कायम उंचवट्यावर मारायचा. आणि खाली वॉशर नसणार. जुने खिळे काढून भोकं डांबराने बुजवायची, नवे खिळे रबराची चकती घालून उंचवट्यावर. चकत्या विकत घ्यायची गरज नाही, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापल्या तरी चालतात. गंज धरलेल्या जागी खरवडून रंगाचा हात द्या. अजून चार-पाच वर्षं सहज जातील.

---

पाणंद

आत्ताच पाठवलं तिला, स्वाहिलीत जमेल तसं. 'उंचवट्यावर' साठी शब्द सापडेना, चित्र काढून फोटो टाकला. तिचं उत्तर आलंय: ट्यूब काकांकडे आहे.